साहेबांना पटलं, पण किती?

अमेरिकेत शिकून सिंगापूरला घरी परतले, तेव्हा वाटलं होतं, ऑफिसात बाकी काही अडेल, पण इंग्रजी अडायचं नाही. आणि साहेब मिळाले ते लंडनचे!

आमच्या बँकेच्या हेल्पलाइनवर तमिळ, मलय आणि चिनीही बोललं जावं, अशी योजना मी त्यांच्यापुढे मांडली. ते हसून म्हणाले, "आय ॲम नॉट एन्टायरली कन्व्हिन्स्ड." मला वाटलं, म्हणजे बरंचसं पटलंय! मी लगेच 'साहेब अनुकूल आहेत' असं वरिष्ठांना कळवून दुसऱ्याच दिवशी बैठक ठेवली.

संध्याकाळी आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर बाबांना सांगितलं. बाबा जहाजावर इंजिनिअर होते. त्यांचा चहाचा कप तोंडाशीच थांबला.

"अगं, आमचा कॅप्टन इंग्रज होता. इंजिन रूममध्ये कमरेएवढं पाणी शिरलं, तेव्हा तो म्हणाला, 'नॉट एन्टायरली ड्राय.'"

मी विचारलं, "म्हणजे साहेबांना..."

"अजिबात पटलेलं नाही."

"आणि मी सगळ्यांना भलतंच कळवलंय! बाबा, माझं प्रोबेशन चालू आहे. नोकरी गेली की इथे राहायचा पासही गेला."

"बैठक रद्द कर," आई म्हणाली. "पोट बिघडलंय म्हणून सांग."

"ते खरंच बिघडलंय गं!"

सकाळी चांगीला ऑफिसपाशी बसमधून उतरले. ठरवलं, बैठक रद्द करायची नाही. साहेबांच्या समोर उभं राहून योजना मांडायचीच, फक्त पहिलं वाक्य हे म्हणायचं, "माझ्या साहेबांना हे अजिबात पटलेलं नाही."