चाफ्याखालची साखर

रियाज : आता न्हाई ऐकायचं, अम्मी. उद्या मुज्तबा करवत घेऊन येऊन राहिला. महिन्यानं आपल्या नाजियाचा निकाह, मंडप याच अंगणात. हा चाफा पाहुण्यांच्या डोक्यावर चिकट टपकवत बसंल.

चांदबी : तुझ्या अब्बांनी लावलेलं झाड हाय ते. त्यांच्या मागं तेवढंच राहिलंय मला.

रियाज : अन् मी?

चांदबी : तू सावली देतोस का?

रियाज : पानं तर बघ, काजळी फासल्यासारखी. काल खाली बसलो, नवा कुर्ता खुर्चीला चिकटला!

कस्तुराबाई : चांदबी, भिंतीपल्याड ऐकू आलं म्हणून आले. कुणावर करवत चालवून राहिला गं हा? माझ्या देवाला रोज इथलीच फुलं लागतात! सरक, बघू दे.

(ती नखानं फांदी खरवडते.)

कस्तुराबाई : ह्या तपकिरी टिकल्या दिसल्या? साल न्हाई ती, खवले कीड हाय. पाठीवर कवच घेऊन बसती अन् रस पिती. चिकट तीच टाकती, त्यावर काजळी धरती.

रियाज : मग औषध?

कस्तुराबाई : ब्रशानं साबणाचं पाणी लावून घास, मग निंबोळीचं तेल फवार. आमच्या वैजनाथनं सीताफळावर हेच केलं. पण आधी मुंग्या थांबव. चिकट खायला मिळतंय म्हणून त्या किडीची राखण करत्यात, तिला खाणारे किडे हाकलत्यात.

रियाज : मुंग्यांनी तर बुंध्याशी वस्तीच केलीय. इथंच कशा एवढ्या? अम्मी, खाली काय बघायलीस?

चांदबी : दर जुम्म्याला मूठभर साखर टाकते मी तिथं. तुझे अब्बा टाकायचे. मुक्या जिवाचं पोट भरलं की दुवा लागते म्हणायचे.

रियाज : म्हणजे तूच...

कस्तुराबाई : तिला बोलू नको रे.

रियाज : का, मावशी?

कस्तुराबाई : मी शनिवारी टाकते. भिंतीवरून हात घालून.

रियाज : हात जोडतो तुम्हा दोघींना! जुम्म्याचं जेवण, वर शनिवारची पंगत! मुंग्या कशाला जातील दुसरीकडं?

चांदबी : या अल्ला! जीव लावता लावता मीच मारून राहिले होते त्याला.

कस्तुराबाई : आपण दोघी म्हण.

रियाज : रडू नको, अम्मी. मुज्तबाला सांगतो, करवत राहू दे, शिडी आण. बुंध्याला कापड गुंडाळून वरून ग्रीस फासू, मुंग्या चढणार न्हाईत. निकाहापर्यंत नवी पानं येतील.

कस्तुराबाई : अन् साखर?

रियाज : टाका की. पण पार फाटकाबाहेर.

चांदबी : रियाज, जुम्म्याला कबरस्तानात जाशील ना?

रियाज : जाईन की.

चांदबी : अब्बांना एवढंच सांग. साखरेची जागा बदलली, झाड तिथंच हाय.