झुंबररावांच्या नावचा नळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दुकानदार संघाचे आधारस्तंभ माननीय खंडेराव, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले मान्यवर, समोरचे दुकानदार बंधुभगिनी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आदरणीय विठाबाई,

प्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. व्यासपीठावरच्या या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही. अध्यक्षांनी प्रयत्न केला, मी दात लावून पाहिले. विकतचं पाणी एवढं मानी असतं हे ठाऊक नव्हतं. आपल्याला सवय विठाबाईंच्या नळाची.

नव्या मंडळींसाठी सांगतो. सातपूर रस्त्यावरच्या या मार्केटच्या जागी पूर्वी झुंबररावांचं दोन खोल्यांचं घर होतं. जागा बिल्डरकडे गेली, झुंबरराव वारले, विठाबाईंना मागचा गाळा मिळाला. नळ मात्र झुंबररावांच्याच नावावर राहिला. त्या एका घरगुती नळावर आपण सलून चालवलं, चहाचं हॉटेल चालवलं, माझा छापखानाही चालवला. दर घरगुती, तहान व्यापारी. एवढी काटकसर आणखी कुणाला जमली असती?

गेल्या वर्षी महापालिकेची नोटीस आली. नळ संघाच्या नावावर करा, व्यापारी दरानं पट्टी भरा, नाहीतर तोडू. त्यासाठी वारस म्हणून विठाबाईंची सही हवी होती. बाई सही देईनात. आपण व्यापारी माणसं. आपल्याला वाटलं, भाव कमी पडतोय. खंडेरावांनी आकडा वाढवला, मग फ्रीज देऊ केला. बाई म्हणाल्या, "फ्रीजमधी ठेवायला पाणी तर पायजे ना, भाऊ."

पाणी तुटलं. मग मी एकटाच त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्या बोलल्या. गावी विहिरीवर झुंबररावांना ओंजळ धरून बसावं लागे. वरून कुणाला ओतावंसं वाटलं तर पाणी, नाहीतर तसंच परत.

"नाशकात आल्यावर यांनी सगळ्यात आधी नळ घेतला. बिलावर नाव आलं, तेही श्री. लावून. गावात कुणी कधी श्री. म्हणलं नव्हतं, भाऊ. ते नाव आता मीच खोडू?"

मी सहीचा कागद खिशातून न काढताच परत आलो. माझ्या बाबतीत ही घटना किती दुर्मीळ, ते आपण जाणता.

झुंबररावांनी दारात वाटसरूंसाठी रांजण ठेवला होता. त्यांच्यामागं बाई तो गाळ्याच्या दारात ठेवून भरत. पाणी तुटलं आणि तोही कोरडा पडला. एका दुपारी कंपनीतून सुटलेला कुणी कामगार वाकला, रांजणात पेला घातला, रिकामाच परत ठेवला आणि निघून गेला. बाई गाळ्यातून पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या सही करायला आल्या. एवढंच म्हणाल्या, "यांच्या दारातनं माणूस तहानलेला गेला."

आपल्याला पाणी आलं. आपण टाळ्याही वाजवल्या. बाई आता लेकीकडे, राखीकडे, चांदवडला निघाल्यात. आपण दिलेल्या मानपत्रात 'त्याग' हा शब्द चार ठिकाणी आहे. झुंबररावांचं नाव शोधावं लागेल, आणि शोधूनही सापडणार नाही.

इतका वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही लागट बोललो असेन तर आजच्या दिवशी पोटात घाला.

जुन्या नळाचं एक शेवटचं बिल राहिलं होतं. ते कुणी भरायचं, यावर संघात पाऊण तास चर्चा झाली आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. सकाळी मी ते भरून आलो. विठाबाई, ही पावती. नाव बघून घ्या. श्री. आहे.