मुक्काम रत्नागिरी

कोपर्निकस मार्गावरच्या कॅन्टीनच्या रांगेत रत्नागिरीचं नाव ऐकलं आणि विजयाकाकूंनी कान टवकारले. लग्न होऊन त्या तिथून दिल्लीला आल्या, केस इथेच पिकले. रांगेत त्यांच्या पुढे हेरंब मित्राची, धीरजची, यूपीएससीच्या मुलाखतीची तयारी करून घेत होता.

"तुझ्या गावाचा भूगोल?"

"पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला भाट्याची खाडी. किल्ल्याला तिन्ही बाजूंनी पाणी."

"इतिहास?"

"ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी तिथे नजरकैदेत ठेवलं. तीसेक वर्षं."

"मग घरी कधी गेला?"

"नाही गेला रे. तिथेच वारला."

"आणि तू कधी जाणार?"

"रिझल्ट लागू दे."

"यार, गेल्या वर्षीही हेच म्हणालास."

धीरजनं मागे पाहिलं.

"काकू, तुम्ही कुठल्या?"

"सध्या दिल्लीच्या."