हात वर करायला मनाई

पनवेलच्या हाडांच्या दवाखान्यात माझा नंबर एकोणिसावा होता. समोरच्या बाकावर खांद्याला पट्टा लावलेले एक सर होते आणि शेजारी व्हायोलिनची पेटी मांडीवर घेतलेला त्यांचा वादक.

"मुबारक, डॉक्टर म्हणतात, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. बावीस वर्षं आपला हौशी वाद्यवृंद मी याच हातानं चालवला. आता राजीनामा."

"सर, आता सांगायला हरकत नाही. तुमच्या हाताकडे कुणी बघत नाही."

"मग कुणाकडे बघता?"

"तबल्यावरच्या आशालताताईंच्या मानेकडे. मान हलली की आम्ही सुरू."

"एकही जण माझ्याकडे बघत नाही?"

"यासीन बघतो."

"बघतो ना!"

"म्हणून तर तो चुकतो."

"मग मी सोडतोच."

"खुदा के वास्ते, सर! गेल्या महिन्यात तुम्ही नव्हता, तर वाजवता वाजवता चौघं उठून चहाला गेले. तुम्ही समोर असलात की कुणी हलत नाही."

"म्हणजे नुसता उभा राहू?"

"उभं राहायला मनाई केलीय का?"

"तसं डॉक्टर काही बोलले नाहीत."

"मग रविवारी या."

"येतो. पण यासीनला पुढच्या रांगेत बसव."

"पुढे? तो चुकतो, सर."

"चुकू दे. बघतो ना."