रजई धूत नाहीत

माझं माहेर कऱ्हाडाजवळचं, कृष्णेच्या काठचं, आणि आमच्याकडं रजई कुणी पाहिलेलीसुद्धा नव्हती, आमच्याकडं गोधडी, जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर देऊन शिवलेली, आणि ती धुवायची म्हणजे नदीवर न्यायची, दगडावर आपटायची, पायानं तुडवायची, मग एका टोकाला मी नि दुसऱ्या टोकाला माझी थोरली बहीण, असा पीळ द्यायचा की शेवटचा थेंब निघाला पाहिजे. गावात म्हणायचे, मंजुळीच्या हातात गोधडी द्या, नवी करून आणील. त्याचा मला ताठा होता, आणि काय सांगू तुम्हाला, त्या ताठ्यानंच माझी फजिती केली.

सोळाव्या वर्षी लग्न होऊन इथं आले, ग्वाल्हेरला, लश्करात, लश्कर म्हणजे फौज नव्हे, शहराच्या या भागाचं नावच लश्कर, नई सडकेच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, मागं अंगणात पाण्याचा हौद, वर छत, म्हणजे तुमची गच्ची. सासरे इथल्या पलटणीत हवालदार होते, ते मी यायच्या दोन वर्षं आधीच वारले होते, घरात सासूबाई, म्हणजे आमच्या आईसाहेब, नि हे. ह्यांची गोरखीच्या जुन्या वाड्यातल्या सरकारी कचेरीत कारकुनी. महाराजांचं राज्य नुकतंच गेलेलं होतं, मध्यभारत झाला होता, आणि त्या मध्यभारताची एक मजा ऐका, त्याला राजधान्या दोन. इंदूरवाले म्हणत आमच्याकडं, आम्ही म्हणत होतो आमच्याकडं, मग ठरलं हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला बसेल नि उन्हाळ्यात इंदूरला. आता सरकार बसणार म्हणजे कारकून उठणार, नाही का? चैत्र लागला की कागदपत्रांच्या पेट्यांबरोबर आमचे हे बिस्तरबंद बांधून चालले इंदूरला, ते थंडी पडायला लागली की परत. बिस्तरबंद आला की मी तो दारातच अडवायची. आधी अंगणात उघडा, म्हणायची, इंदूरचे ढेकूण माझ्या घरात नकोत. हे म्हणायचे, अगं ढेकूण पण सरकारी आहेत, बदलीवर आलेत. बरं, मी सांगत काय होते? रजईचं.

पहिला हिवाळा आला तेव्हा मला कळलं थंडी कशाला म्हणतात. माहेरून दोन गोधड्या आणल्या होत्या, त्या इथल्या थंडीनं हसण्यावारी नेल्या. तेव्हा आईसाहेबांनी मला आपल्या रजईत घेतलं. मोठी थोरली, वर लाल कापड, खाली पांढरं अस्तर, आत ही एवढी रुई, म्हणजे कापूस. हे बाहेरच्या खोलीत आपली एकट्याची घेऊन झोपायचे, आत आम्ही सासू-सून एका रजईत. ती रजई सासऱ्यांची. ते गेले तेव्हाही तीच अंगावर होती, असं गुप्ताइननं मला सांगितलं, गुप्ताइन म्हणजे शेजारीण, भिंतीला भिंत लागून.

वैशाखात आईसाहेब दोन दिवस नणंदेकडं गेल्या, हे इंदूरला, घरात मी एकटी, आणि माझ्या डोक्यात आलं की रजई मळलीय, धुऊन टाकू, येतील तर खूश होतील, म्हणतील सून कामाची आहे. बस. रिठे उकळले, रजई हौदात बुडवली, नि पदर खोचून तुडवली, अहो नाचले म्हटलं तरी चालेल. मग उचलायला गेले तर उचलेना. पाणी पिऊन अशी जड झालेली की एक कोपरा वर आला तर तीन खाली. पीळ तर सोडाच. मी घामाघूम, वर पाणी सगळं लाल, तो कापडाचा रंग सुटला होता. गुप्ताइन भिंतीवरून डोकावली नि कपाळावर हात मारून म्हणते, हाय राम, बहू, रजाई भी कोई धोता है? आणि मग तीच आली बिचारी, दोघींनी ओढत ओढत काढली, खाटेवर टाकली. दोन दिवस लश्करचं वैशाखी ऊन, वरून खडखडीत, आतून ओली ती ओलीच, आणि वास. आत रुईचे गोळे, मुठीएवढे, कुठं गोळा, कुठं नुसतं कापड. करायला गेले एक नि झालं भलतंच. मी रडत बसले, म्हटलं, आता मला माहेरी पाठवतात. आणि माहेरी तरी काय सांगणार, की सासऱ्यांची आठवण हौदात बुडवून आले?

आईसाहेब आल्या. खाटेपाशी उभ्या राहिल्या. टोकाचे टाके उसवून आत हात घातला, रुई बाहेर काढली, पाहतात तर गुलाबी. लाल रंग आतपर्यंत गेला होता. ती रुई तशीच हातात धरून होत्या. मी म्हटलं, आता तोंड सुटणार. तर म्हणतात काय, सूनबाई, तुझ्या गावची नदी फार मोठी आहे वाटतं?

एवढंच. मग म्हणाल्या, रड झाली असेल तर कात्री आण. रजई धूत नाहीत, रजई उघडतात.

आणि मला शिकवलं. आधी डोरे काढायचे, डोरे म्हणजे ते मोठे मोठे टाके जे रुईला जागेवर धरून ठेवतात, ते तोडायचे नाहीत, ओढून काढायचे, दोरा गुंडाळून ठेवायचा. खोळ वेगळी धुवायची, रुई वेगळी उन्हात घालायची. मग धुनिया, म्हणजे आपला पिंजारी, येतो आपली धनुकली घेऊन, आमच्याकडं रहीम चाचा यायचे, त्यांनी रुई पिंजली की अशी फुलते, पोरंबाळं खोकत पळतात. मग खोळ उलटी अंथरायची, तिच्यावर रुई सारखी पसरायची, छडीनं थोपटायची, चटईसारखी गुंडाळी करायची आणि खोळीच्या तोंडातून हात घालून उलटायची, की रुई आपोआप आत. पहिल्यांदा पाहिलं तर मला जादूच वाटली. मग वरून डोरे. आईसाहेब म्हणायच्या, डोरा फार ओढू नको, रुईला श्वास लागतो.

पण ती गुलाबी रुई पाहून रहीम चाचांनी मान हलवली, म्हणाले, अम्मा, ये तो मर गई, फेंक दो. आईसाहेबांनी आपल्या गादीतली रुई काढून त्या रजईत भरायला दिली आणि त्या वर्षी स्वतः सतरंजीवर झोपल्या. गुलाबी रुईचं काय केलं मी विचारलं नाही, विचारायचं तोंड कुठं होतं? मला वाटलं, गेली.

मग वर्षं गेली. दर वर्षी दसऱ्याच्या आधी रजई उघडायची, होळी झाली की ऊन देऊन, कडुलिंबाचा पाला घालून पेटीत. मी अशी तयार झाले की गल्लीतल्या बाया मला बोलवायच्या, मंजुळाबाई, जरा डोरे डाल दो. शालू झाली, आमची मुलगी. पण नवरा? नवरा अर्धा. अर्धं वर्ष इंदूरचा, अर्धं माझा, आणि माझ्यातलाही बाहेरच्या खोलीतला.

तेवढ्यात पुन्हा सगळं मोडलं. मध्यभारत गेला, मोठा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळ. लश्करात लोक हळहळले, कचेऱ्या चालल्या, बाजार बसला, सगळे असे तोंड पाडून. आणि मी? खोटं कशाला बोलू, या वयात कुणासाठी? मी खूश होते. आता हे बारा महिने एका जागी राहणार, मी नि शालू त्यांच्याजवळ. एक खोली मिळाली होती भोपाळला, एकच. आईसाहेबांना हे म्हणाले, चला. त्या म्हणाल्या, एका खोलीत तुम्ही तिघं, मी काय छताला लटकू? पाच पिढ्या इथं झाल्या, आता मी नाही बिस्तर बांधत. मी दोनदा म्हटलं, चला ना. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर आल्या असत्या की काय, ही भीती होती मला. हे आजपर्यंत मी कुणाला सांगितलेलं नाही, लिहा, लिहा, काही हरकत नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी भांडी बांधतेय, तर ही मोठी रजई नीट घडी करून, चादरीत गुंडाळून माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, ह्याची ती एकट्याची रजई इंदूर-लश्कर करून चिरगूट झालीय, पोर लहान आहे, ही ने. मी म्हटलं, आणि तुम्हाला? त्या म्हणाल्या, माझी दुसरी आहे, भरून ठेवलीय. खाटेवर होती खरंच, हिरवी खोळ, डोरे असे एका ओळीत. मी लांबून पाहिली, म्हटलं, वा, केव्हा केलीत? आणि गाठोडं बांधायला बसले. हात लावून पाहिलं नाही. रजईला हात लावला की मला कळतं, डोळे मिटून सांगते आत काय आहे. पण नाही लावला.

भोपाळची थंडी म्हणजे काय हो, लश्करच्या थंडीची धाकटी बहीण. त्या रजईत मी नि शालू पाय बाहेर काढून झोपायचो. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, आमचं अंथरूण ऐसपैस. आणि मी सुखात होते, संध्याकाळी हे घरी यायचे, रोज, रोजच्या रोज, मला त्याचंच अप्रूप.

पुढच्या दिवाळीला चार दिवसांची रजा काढून लश्करला आलो. आईसाहेब वाळल्या होत्या, आणि बोटं अशी वाकडी, लोटा धरायला दोन हात. मी म्हटलं, वय झालं. म्हटलं, तुमची रजई उघडून देते, ऊन चांगलं आहे. त्या म्हणाल्या, राहू दे. मी म्हटलं, मळलीय. राहू दे म्हटलं ना. पण मी कुठली ऐकतेय! दुसऱ्या दिवशी सकाळी त्या देवळात गेल्या आणि मी रजई उचलून छतावर.

उचलली तेव्हाच कळलं. तरी मी डोरे काढले, एक, दोन, तीन, ओळ झाली तशी खोळ उलटली, आणि खाली पडले गोळे. गुलाबी. तेच. मी हौदात नाचून केलेले. आठ वर्षं सांभाळून ठेवलेले, हातानं विंचरून विंचरून थोडे मोकळे केलेले, त्या वाकड्या बोटांनी, पण मेलेली रुई ती, तिच्यातून वारा आरपार.

मी एकेक गोळा वेचून पदरात घ्यायला लागले. आईसाहेब जिना चढून आल्या, मला पाहिलं, पसारा पाहिला. मी म्हटलं, आईसाहेब, ही तर ती. त्या म्हणाल्या, हो, तीच. त्यांच्या अंगावरची होती, फेकू कशी? मी म्हटलं, पण थंडी वाजत नाही? तर म्हणाल्या, वाजते की. मग उठून बसते.

उठून बसते. असं सांगितलं, जसं वरणाला फोडणी देते म्हणावं. आणि मी पाय बाहेर काढून झोपत होते हो, त्यांच्या रुईत.

चौथ्या दिवशी हे बिस्तर बांधायला लागले, म्हणाले, तुझं आवर. मी म्हटलं, तुम्ही जा आणि मोठी रजई कुणाबरोबर पाठवून द्या, मी होळीनंतर येईन. ह्यांनी बिस्तरबंदाचा पट्टा हातातून सोडला. आईसाहेब तर अशा चिडल्या, म्हणाल्या, मूर्ख आहेस, नवऱ्यापाशी जा, माझं काय, मी पिकलं पान. मी म्हटलं, पिकलं असो की हिरवं, हिवाळ्यात मी इथं. हळूहळू सगळ्यांना सवय झाली. सरकारनं तो मध्यभारत बंद केला, मी चालू ठेवला, शालूला घेऊन हिवाळ्यात लश्कर, उन्हाळ्यात भोपाळ. हे हसायचे नि म्हणायचे, हिची राजधानी अजून ठरली नाही. नऊ हिवाळे असं केलं. पुन्हा अर्धा नवरा. वाईट वाटलं का विचाराल, तर वाटलं, खूप वाटलं, भांडलेसुद्धा, पण गेले नाही.

आणि ती रुई? ती मी रहीम चाचांपुढं ठेवली, म्हटलं, मेली म्हणू नका, काही तरी करा. ते म्हणाले, थोडी थोडी नई में मिलाओ, चल जाएगी. मग दर दसऱ्याला नव्या रुईत एक मूठ. आईसाहेब विचारायच्या, मिसळलीस का? हो म्हटलं की झोपायच्या. वारल्या त्या नवव्या हिवाळ्यानंतरच्या चैत्रात, छतावर चांगलं ऊन होतं. थंडीनं नाही गेल्या, एवढं मी पाहिलं.

आता हेही नाहीत. शालू इथल्याच बिर्ला नगरला असते, येते-जाते. मी तिच्या मुलाजवळ, नातवाजवळ, इथंच. आता धुनिया दारावर येत नाही, नई सडकेवर मशीन आहे, तिथं पिंजून मिळते, पण डोरे मीच घालते, सुई मात्र नातसून ओवून देते. गोड पोरगी आहे, भोपाळची. तिनं पातळ पातळ कंबल आणलेत, मऊ, आणि म्हणते, आजी, इस रजाई को धोने की मशीन में डाल दूँ? मी म्हटलं, टाक, फक्त आधी मला त्यातून काढ.

तुम्ही इतक्या लांबून आलात, ऐकत बसलात, आमची ही मोडकी मराठी, निम्मी हिंदी, कऱ्हाडची माणसं तर मला हसतात. सुखी राहा. घरी कोणी म्हातारं आहे का? आई आहे? मग एक करा. ती म्हणाली ना की माझी दुसरी आहे, मला पुरते, तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. लांबून पाहू नका. हात लावून बघा. या, ही माझी बघा लावून, इथं, डोऱ्याजवळ. गरम आहे नं?