कव्हरवरचा लाकूडतोड्या

सॅन फ्रान्सिस्कोत औषधांच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या डेल्फीनच्या पुढे दोन म्हातारे भांडत होते.

"वेंडेल, शहात्तर सालचा तुझा कव्हरफोटो म्युझियमनं भिंतभर लावलाय. उद्या उद्घाटन, आणि तू येत नाहीस?"

"त्या गे लोकांच्या नागव्या फोटोंच्या मासिकाला रांगडा लाकूडतोड्या हवा होता, ऑर्विल. मी तर टोप्या शिवायचो!"

"मला सांगतोस? 'पुरुष असावा तर असा' म्हणून तो फोटो बघत सहा वर्षं वजनं उचलली मी. कंबर मोडली. मग तू भेटलास, तोही झुरळाला भिऊन खुर्चीवर चढलेला!"

"लोक फोटो बघतील, मग मला. हसतील रे."

"हसू देत! माझ्यासारखा एखादा तिथं पोट आत ओढून उभा असेल. त्याला खरं कोण सांगणार?"

वेंडेलनं हातातल्या काठीकडे पाहिलं.

"काठी घेऊन आलो तर चालेल?"

"काठी घेऊनच ये, बाबा!"