आजचं रक्त, आजची तारीख

"ही पोरगी कधीची त्या खोक्यापुढे ठाण मांडून बसलीय आणि आम्ही इथे ताटकळतोय," म्हातारी बाकावरूनच कडाडली. नवऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट मिळाला, तरच त्याचं आज ऑपरेशन होणार होतं.

खिडकीपलीकडे लॅबवाला कॉम्प्युटरवालीची मनधरणी करत होता.

"ताई, सर्व्हरच्या सिस्टीमची फुकट वापरायची मुदत संपली, की तुमच्या आधीचा माणूस कॉम्प्युटरची तारीख मागे करायचा. लगेच चालू व्हायचं."

"आणि रिपोर्टवर कुठली तारीख पडायची?"

"मागचीच."

"म्हणजे आजचं रक्त डॉक्टरांना मागच्या महिन्यातलं दिसणार."

"आजच्या दिवस करा हो. लोक खोळंबलेत."

"नाही करणार. परवाना आता घेतलाय ना तुम्ही? मग रीतसर ॲक्टिव्हेट करते, राहिलेले अपडेट घालते. तोवर थांबायचं."

"बाहेरच्या आजी मला फाडून खातील."

"त्यांना माझ्याकडे पाठवा. शिव्या मी खाईन."

बाकावरून हे सगळं ऐकलेली म्हातारी पदर खोचून खिडकीशी आली. लॅबवाला दोन पावलं मागे सरकला.

"पोरी, तू बस निवांत. माझ्या माणसाचं रक्त आजचं आहे, कागदावरही आजचंच येऊ दे. आणि ह्याने पुन्हा घाई केली, तर मला नुसती हाक मार."